माझ्या छातीतली गाठ

१. पुरुषाच्या बोंडामागेही स्तनाचा थोडासा भाग असतो. थोडा असला तरी तिथे कॅन्सर होऊ शकतो. स्तनांच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांमध्ये पुरुष जेमतेम एक, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांसमोर असा पेशंट उभ्या आयुष्यात कधी येतही नाही. उशीर होतो तो इथेच. पुरुषाच्या छातीवर मांस कमी, म्हणून लहान गाठही कातडीपर्यंत लवकर पोचते. आपल्याला थांबायला वेळ बायकांपेक्षा कमीच मिळतो.

२. माझी गाठ सापडली ती धुण्यात. बनियनवर एकाच जागी रक्ताचे बारीक ठिपके पडलेले हिने पाहिले आणि विचारलं, "अहो, हे काय?" डाव्या बोंडाखाली हरभऱ्याएवढी कडक गाठ होती. दाबली तरी दुखत नव्हती. बोंड किंचित आत ओढलं गेलं होतं. पहिल्या डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून मलम दिलं. हिचं समाधान झालं नाही; दुसऱ्याच दिवशी आम्ही सर्जनकडे गेलो. वयात येताना किंवा काही औषधांनी पुरुषांची छाती वाढते, ती बहुधा बोंडाभोवती सारखी फुगते, मऊसर लागते, पुष्कळदा दुखते, आणि तो कॅन्सर नसतो. पण एका बाजूची, कडक, न दुखणारी गाठ, आत गेलेलं बोंड, पाणी किंवा रक्त येणं, न भरणारी जखम, काखेतली गाठ, यांपैकी काहीही असलं तर सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सी झाल्याशिवाय कुणाच्याही अंदाजावर विसंबू नका. गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनाही शर्टावरच्या रक्ताच्या ठिपक्यांवरूनच शंका आली होती. २०१९ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं.

३. मॅमोग्राफीच्या दाराशी मला "पेशंटला आत पाठवा, तुम्ही बाहेर बसा" असं सांगितलं गेलं. तपासणी माझीच आहे हे मोठ्याने सांगावं लागलं. बाकावरच्या बायकांनी सरकून जागा दिली. एका मावशींनी मशीनमध्ये छाती दाबताना श्वास कसा धरायचा ते समजावलं. त्या बाकावर मला परकं वाटलं नाही.

४. बायोप्सीत कॅन्सरच निघाला. ऑपरेशनमध्ये बोंडासकट सगळं काढलं आणि काखेतल्या गाठीही काढल्या. म्हणून जखमेपेक्षा त्या बाजूचा हात जास्त सांभाळावा लागतो. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम कंटाळा आला तरी सोडायचा नाही, नाहीतर खांदा आखडतो. त्या हाताला सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, शेतात काम करताना काटा-खुरपं लागू द्यायचं नाही, असं मला सांगितलं होतं. हाताला सूज आली की ती पुरती उतरणं अवघड.

५. गोळीबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुरुष याबद्दल बोलतच नाहीत. पुरुषांमधल्या या कॅन्सरपैकी दहातले नऊ इस्ट्रोजेनवर वाढणारे असतात. हो, ते हार्मोन आपल्या अंगातही असतं. म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, निदान पाच वर्षं. तिच्यामुळे रात्री अंग भडकतं, घामाने उशी भिजते, मन चिडचिडं होतं, शरीरसंबंधाची इच्छा कमी होते. या शेवटच्या कारणासाठी काही जण न सांगता गोळी बंद करतात. ते फार धोक्याचं आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांना त्यात नवल वाटत नाही. पाळी जाताना हिला हेच सगळं झालं होतं. रात्रीचा चहा बंद, सुती चादर, उशाशी पंखा आणि पाण्याचा तांब्या हे तिनेच मला लावून दिलं. पोटरी एकाएकी सुजली किंवा दम लागला तर मात्र घरगुती उपाय नकोत. या गोळीने रक्ताची गुठळी होऊ शकते, लगेच दवाखाना गाठायचा.

६. आजाराचं नाव लपवू नका. 'शाफ्ट' या चित्रपटातला तगडा नायक रिचर्ड राउंडट्री याला १९९३ मध्ये हा कॅन्सर झाला, आणि पुढे त्याने तो उघडपणे सांगितला. मी पारावर सांगितलं, तेव्हा दोघे जण अंधार पडल्यावर घरी येऊन छाती दाखवून गेले.

७. सर्जननी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घरात कुणाला? माझी आत्या छातीच्या गाठीनेच गेली होती. रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-२ या जनुकातला दोष निघाला. साध्या पुरुषाला हा कॅन्सर होण्याची शक्यता हजारात एक; हा दोष असलेल्याला शंभरात सहा ते आठ. प्रोस्टेटचा धोकाही वाढतो. हा दोष बापाकडूनही येतो आणि प्रत्येक मुलाला, मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाईच्या बाबतीत तर धोका पुरुषाच्या कितीतरी पट. माझ्या मुलीत तो निघाला. आता तिचा दरवर्षी एमआरआय होतो. तिला वेळेत कळलं. मुलात निघाला नाही. मी रिपोर्टच्या झेरॉक्स काढून आत्तेबहिणींना आणि चुलतभावांना नेऊन दिल्या. एका चुलतभावाने ती परत केली. मुलींची लग्नं व्हायची आहेत, असलं काही कानावर जायला नको, म्हणाला. त्याच्याकडे मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी वहिनींशी बोलणार आहे.