पांढरी शेवंती आणि चार टोन

प्रश्न : तैलरंगात पांढरी शेवंती रंगवते. पाकळी न् पाकळी नीट काढूनही फूल सपाट, खडूसारखं दिसतं. काय करू?

उत्तर : टोन चारच ठरवा. डोळे किलकिले करून पाहा: उजेड, सावली, पार्श्वभूमी आणि पाकळ्यांमधल्या गर्द फटी एवढंच उरेल. रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि टायटॅनियम व्हाइट यांतून हे चार टोन आधीच पॅलेटवर मिसळून ठेवा. उजेडातल्या पाकळ्यांमधला फरक टोन बदलून दाखवू नका. कुठे किंचित पिवळसर, कुठे निळसर झाक द्या. उजेडाचा टोनही निव्वळ पांढऱ्यापेक्षा एक पायरी खाली असू द्या. तो पांढरा शेवटच्या दोन-तीन फटकाऱ्यांसाठी राखा. फ्रेंच चित्रकार फाँतँ-लातूर (१८३६–१९०४) यांची फुलं जरूर अभ्यासा. मध्यम करड्या पार्श्वभूमीवर त्यांचे पांढरे गुलाब किती उजळतात पाहा!