पाणी निघायची वाट मोकळी ठेव

राम घाट, उज्जैन

चि. केदार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांची मारुती ८०० तू ठेवून घेतलीस, फार बरं वाटलं. या गाडीचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. म्हणजे अगदी शेवटी निघालेल्या गाड्यांनीही आता कितीतरी पावसाळे काढलेत. रंग चकचकीत आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. या वयाच्या गाडीला घातक गंज आतून लागतो.

क्षिप्रेला पूर आला की घाटावरची देवळं बुडतात, हे तू पाहिलं आहेस. पाणी ओसरल्यावर उघड्या पायऱ्या एका उन्हात वाळतात, पण कोनाड्यांत बसलेला गाळ कितीतरी दिवस ओलाच असतो. गाडीचंही तेच. चाकांनी उडवलेला चिखल उघड्या पत्र्यावरून वाळून गळतो; मडगार्डच्या आत, पत्रा जिथे दुमडलाय तिथे, तो साचतो आणि ओल धरून बसतो. म्हणून धुताना बॉनेट पुसण्याआधी चाकांच्या वर आतून पाइप मार.

दारांकडे तर नीट लक्ष दे. काचेच्या रबरातून थोडं पाणी दारात उतरणारच. ते निघून जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. धूळ आणि पानांचा भुगा बसून ती बुजतात. पाऊस थांबल्यावर दार हलवून कान दे; आत पाणी डचमळलं तर भोकं बुजली समज. लाकडी काडीने मोकळी कर, स्क्रू-ड्रायव्हर घालू नकोस. रंग खरवडला गेला की तिथूनच गंज धरतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतली पानंही वेचून काढ. मग रबरी मॅट उचलून खालचं कापड हाताने दाबून बघ. ओलं लागलं तर बाहेर काढून वाळव, आणि पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत परत घालू नकोस.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून त्याच्यावरचा रंग फुगतो. दाराच्या किंवा मडगार्डच्या कडेला असा फोड दिसला, तर बहुतेक वेळा आतला पत्रा खाल्लेला असतो. डेंटिंगवाला लांबी भरून रंग मारून देईल, दिसेलही छान, पण लांबीखाली गंज चालूच राहील. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घे. खर्च होईल, होऊ दे. गाडीखाली मारतात ते काळं कोटिंग गंजावर मारलं, तर ओल आतच कोंडते. त्यापेक्षा न मारलेलं बरं.

पोकळ भागांत फवारायचं मेण चांगलं असतं, पण आधी वेल्डिंग, मग मेण. मेण पेट घेतं. फवारून झालं की दारांची भोकं पुन्हा तपास, मेणानेही ती बुजतात.

श्रावणात महाकालाची सवारी घाटावर येईल, तेव्हा तूही ये आणि गाडी घेऊन ये. सोमवारच्या गर्दीत ती घाटापर्यंत आणू नकोस, आदल्या दिवशी पोच. खालची बाजू आपण दोघे मिळून बघू. तोवर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नकोस, लोखंडी स्टँड माझ्याकडे आहेत.

तुझा,
मामा