दर तिसऱ्या समेला एक चमचा

शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली की परतवाडा सोडून एसटी घाटाला लागायची आणि पोरांच्या आधी बाईंना पिशवी लागायची. त्या बाई म्हणजे मी. अकोल्यात शिकवते. वजन ११२ किलो, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय ४५, सोबत साखर आणि बोलणारे गुडघे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. दीर-जाऊ अमरावतीत राहतात म्हणून दवाखानाही अमरावतीतलाच धरला. दुर्बिणीतून जठराचा पाऊण हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात.

ऑपरेशन सोपं गेलं. मळमळ सोपी गेली नाही. त्या मळमळीत गाण्यानं काय केलं आणि काय केलं नाही, ते लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, आणि माझं गाणं म्हणजे परिपाठातली प्रार्थना, तीही मुलांच्या आवाजाखाली लपवलेली.

१. बस लागते हे भूलतज्ज्ञांना सांगा.

मला वाटायचं, बस लागणं ही घाटाची गोष्ट आहे, दवाखान्यात कशाला बोलायची. पण ऑपरेशननंतर कोणाला ओकाऱ्या होतील याचा अंदाज बांधायला आपफेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञानं १९९९ साली चार साधे प्रश्न काढले, आणि ते आजही जगभर वापरतात. बाई आहे का? बिडी-सिगारेट ओढत नाही ना? बस लागते का, किंवा आधीच्या ऑपरेशननंतर ओकाऱ्या झाल्या होत्या का? नंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागणार का? एकही ‘हो’ नसेल तर दहातल्या एकाला त्रास होतो, चारही असतील तर दहातल्या आठांना. माझे चारही ‘हो’. सिगारेट न ओढणं अंगाशी येईल असं आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

हे कळल्यामुळे भूलतज्ज्ञांनी आधीच दोन औषधं ठरवली. म्हणजे पुढे जे काही गाण्याबद्दल सांगते आहे ते औषधाच्या जोडीनं, औषधाच्या जागी नाही.

२. गाणं दवाखान्यात निवडायला बसू नका.

माझी पुतणी अमरावतीला गाणं शिकते. तिनं पंधरा दिवस आधी फोन केला, “काकू, तुला काहीतरी रेकॉर्ड करून पाठवते. रोज रात्री झोपताना ऐकायचं. ऑपरेशनची वाट नाही पाहायची.” तिनं स्वतःच्या आवाजात भूप राग पाठवला. मागे मोबाइलमधला तानपुरा आणि तबला, विलंबित एकताल, एकूण बावीस मिनिटं. अकराव्या मिनिटाला मागे जाऊबाईंच्या कुकरची शिट्टी वाजते. ती काढून टाकायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि बरंच झालं.

रोज अंथरुणाला पाठ टेकली की तो भूप. आठव्या-नवव्या रात्रीपासून कुकरच्या शिट्टीच्या आत झोप लागायला लागली. अंगाला एक सवय झाली: हा आवाज आला की खांदे सोडायचे. ही सवय ऑपरेशनच्या रात्री लावता येत नाही. त्या रात्री नवं काहीच डोक्यात शिरत नाही.

याच दिवसांत नात्यागोत्यातून व्हॉट्सॲपवर याद्या आल्या. बीपीला हा राग, साखरेला तो, पोटाला तिसरा. पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी पुरिया गाऊन मुसोलिनीला झोपवल्याची गोष्टही दोघांनी पाठवली. गोष्ट रंगतदार आहे, पण ती गोष्ट आहे. अमुक रागानं ओकारी थांबते असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. भूप मला लागू पडला तो पुतणीचा आवाज ओळखीचा म्हणून, आणि चाल संथ म्हणून. दुसऱ्या कुणाला गजाननाचा पाठ लागू पडेल, कुणाला जुनं रेडिओवरचं गाणं.

३. जिवापाड आवडणारं गाणं घरीच ठेवा.

हा धडा मला महागात पडला. अमरावती म्हणजे सुरेश भटांचं गाव. त्यांची एक गझल मी कॉलेजपासून जीव लावून ऐकत आले होते. ऑपरेशनच्या संध्याकाळी, भुलीची गुंगी उतरत असताना, हौसेनं तीच लावली. दुसरा शेर चालू असताना कोरडे उमासे सुरू झाले. पोटात काही नाही, तरी घशाशी येतंय, आणि आतले टाके तुटतील ही भीती. सिस्टरांनी सलाइनमधून ओकारी थांबवणारं एमसेट दिलं, पाठीवर हात ठेवला, थांबलं.

गझल मात्र गेली. केमोथेरपी घेतलेल्या अनेकांना पुढे नुसत्या दवाखान्याच्या वासानं मळमळतं, हे वाचून माहीत होतं. गाण्याचंही असंच होतं, हे स्वतःवर कळलं. एकदा सहा महिन्यांनी लावून पाहिली. पहिल्या सुरावटीलाच तोंडाला पाणी सुटलं, तेही आंबट. गाण्याचा काही गुन्हा नव्हता. तेव्हा बरं वाटणारं पण ज्याच्यावाचून अडणार नाही असं गाणं न्यावं.

४. पोटालाही ठेका असतो.

हे डॉक्टरांकडून ऐकलं आणि पुतणीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. जठरातून विजेची बारीक लहर जाते, मिनिटाला साधारण तीन. म्हणजे वीस सेकंदांना एक. मळमळताना हा ठेका बिघडतो, बरेचदा पळायला लागतो. आणि ज्या जागेवरून तो उठतो ती जठराच्या मोठ्या बाकाच्या वरच्या अंगाला आहे, नेमकी स्लीव्हमध्ये कापली जाते त्याच भागात. तबलजीच उठून गेल्यासारखं. त्यात उरलेल्या नळीला सूज, भुलीचे वायू, वेदनाशामकं. मळमळ हा माझा मनाचा कमकुवतपणा नव्हता, हे कळल्यावर अर्धा अपराधीपणा गेला.

बाहेरच्या तालानं आतला ताल दुरुस्त होतो असं मात्र मी म्हणणार नाही. तसं मला कुणी सांगितलं नाही. गाण्यानं जे केलं ते वेगळंच होतं.

५. गाणं घड्याळ म्हणून वापरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुरू झालं. औषध मोजायचा असतो तेवढा प्लास्टिकचा पेला: ३० मिली. तो पंधरा मिनिटांत संपवायचा, लवकर नाही. ऐकायला सोपं वाटतं. चोवीस तास तोंड कोरडं पडलेल्या माणसाला विचारा. मी पहिला पेला दोन घोटांत घेतला आणि दोन मिनिटांत तो परत आला.

दुपारी पुतणी आली. तिनं हिशेब मांडला. ३० मिली म्हणजे सहा चमचे. पंधरा मिनिटांत सहा, म्हणजे अडीच मिनिटांना एक. तिच्या एकतालाचं आवर्तन पन्नास सेकंदांचं. “म्हणजे काकू, दर तिसऱ्या समेला एक चमचा. मधल्या दोन समांना नुसता श्वास सोड.”

आधी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडेना. मग ती शेजारी बसून माझ्या मनगटावर बोट टेकवायला लागली. बारा मात्रा जाऊ द्यायच्या, बोट टेकलं की श्वास. पुन्हा बारा. तिसऱ्या वेळी चमचा, पाणी जिभेवर धरायचं, कोमट झालं की गिळायचं. कुकरची शिट्टी आली तेव्हा चार चमचे झाले होते, म्हणजे बरोबर चाललं होतं. तो पेला आत राहिला.

मला जे ‘संगीतोपचार’ म्हणून सांगायचं आहे ते एवढंच आहे. घड्याळाकडे बघत अडीच मिनिटं काढणं म्हणजे मळमळीकडेच बघत बसणं. गाण्यात तीच अडीच मिनिटं कुठेतरी जातात. आणि श्वास लांब होतो, हे वेगळं.

खरा संगीतोपचार करणारी माणसं शिकलेली असतात, रुग्णासमोर बसून त्याच्या श्वासाप्रमाणे गाणं बदलतात. ते माझ्या वाट्याला आलं नाही. माझ्या वाट्याला पुतणीचं बोट आलं.

६. खंजिरी नको, निदान पहिल्या तीन दिवसांत.

सासूबाई मोझरीच्या. तुकडोजी महाराजांवर निस्सीम भक्ती. त्या भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “हे काय रडकं लावून ठेवलं वं? बाबाचं भजन लाव, पाय कसं पोट नीट होते का नाई.” लावलं. खंजिरीचा ठेका अंगात शिरला आणि खोली फिरायला लागली. खंजिरी उठवायला आहे, गावच्या गाव उठवलं तिनं. पडलेल्याला तिची घाई सोसत नाही.

सासूबाई रागावल्या नाहीत. उलट त्यांनीच आठवण करून दिली की महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात लाखभर माणूस ४ वाजून ५८ मिनिटांनी गप्प उभा राहतो. “मंग मौन लाव,” म्हणाल्या. काही वेळा तेच लावलं. मळमळ अगदी टोकाला असते तेव्हा कुठलाच आवाज नको असतो. ते ओळखावं आणि बंद करावं.

७. फुकटच्या व्हिडिओवर विसंबू नका. ‘पोटाच्या शांतीसाठी दिव्य ध्वनी’ असा तासाभराचा एक व्हिडिओ जावयांनी पाठवला होता. बासरी छान चालली होती. सातव्या मिनिटाला मसाल्याची जाहिरात, तर्रीचा चमचा अगदी डोळ्यांसमोर. गाणं मोबाइलमध्ये उतरवून घ्या, फोन विमानात बसल्यासारखा करून ठेवा. आणि एकाच कानाला लावा, दुसरा कान सिस्टरांसाठी. वऱ्हांड्यात चालवतात तेव्हा तर एकच कान.

८. पुरावा किती आहे, तेही ऐका.

मी मास्तरीण, मला विचारल्याशिवाय राहवत नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑपरेशन आणि संगीत यांवरच्या ७३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना किंवा नंतर गाणं ऐकवलेल्यांना वेदना कमी, काळजी कमी, वेदनाशामकंही कमी लागली. अगदी पूर्ण भुलीत असलेल्यांनाही फरक पडला. दवाखान्यातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. आणि या ठळक निष्कर्षांत मळमळीचं नावही नाही.

मग मळमळीचा संबंध कुठे? मला पटतं ते असं: दुखणं कमी, म्हणून अफूच्या जातीचं औषध कमी, म्हणून त्या औषधानं येणारी मळमळ कमी. आडवाटेनं येणारा फायदा आहे. पण गाण्याचा दुष्परिणाम शून्य आणि खर्चही शून्य, म्हणून मी तो घेतला. (गझलेचा अपवाद सोडून.)

९. परतीचा रस्ता.

पाचव्या दिवशी अकोल्याला निघालो. या रस्त्याची मला धास्ती होती. कित्येक वर्षं अमरावती-अकोला म्हणजे खड्ड्यांतून रस्ता शोधायचा. पण जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नाव गेलं, आणि आम्हा वऱ्हाड्यांना ते रस्त्यापेक्षा जास्त आवडलं. पुढच्या सीटवर बसले, नजर लांब ठेवली, भूप लावला. मूर्तिजापूरपर्यंत निभावलं. बोरगाव मंजूच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. गाण्यानं बस लागणं जात नाही. थोडं पुढे ढकललं जातं.

१०. गाण्याआड आजार लपवू नका.

तिसऱ्या आठवड्यात मी मोठी चूक केली. मुगाचं पाणी, ताकाची निवळ सगळं उलटायला लागलं. मला वाटलं, आता मला युक्ती येते. डोळे मिटले, भूप, सम, चमचा. दोन दिवस असे काढले. लघवी गडद, उठलं की चक्कर. डॉक्टरांना फोन केला तो नवऱ्यानं, आणि बोलणी खाल्ली मी. सलाइन लागलं, बी-१ चं इंजेक्शन लागलं. सतत ओकाऱ्या होत राहिल्या तर हे जीवनसत्त्व आठवड्यांत संपतं, आणि मग दोन-दोन दिसणं, तोल जाणं, विसरणं सुरू होऊ शकतं. ते नुकसान कधी कधी भरून येत नाही.

म्हणून हे तोंडपाठ करा: पाण्याचा घोटही आत राहत नाही, ताप, नाडी पळतेय, पोट किंवा डावा खांदा जोरात दुखतोय, ओकारीत रक्त. यातलं एकही असेल तर इअरफोन काढायचा आणि दवाखाना गाठायचा. सम तिथे सापडणार नाही.

११. एक विनंती.

आमच्या वॉर्डात सहा खाटा आणि भिंतीवर एक टीव्ही. सकाळी बातम्या, दुपारी पाककृती, रात्री मालिका. ओकाऱ्या काढणाऱ्या सहा बायकांसमोर पातोड्यांचा रस्सा उकळताना दाखवत होते. कुणी बंद करा म्हटलं की दुसऱ्या खाटेचे नातेवाईक नाराज. शेवटी आयामावशींनी माझ्या उशाशी वाकून विचारलं, “बाई, तुमी काय आयकून रायल्या? त्या चार नंबरवालीले बी लावून द्या ना, बिचारी सकाळपासून ओकून रायली.” मी भूप तिच्या मुलाच्या फोनवर पाठवला. तिला आवडला की नाही विचारायचं राहून गेलं, पण संध्याकाळी ती चमच्यानं पाणी पीत होती.

अकोला-अमरावतीच्या डॉक्टरांनो, संगीताची वेगळी खोली नाही केली तरी चालेल. पोटाचं ऑपरेशन झालेल्या वॉर्डातल्या टीव्हीचा रिमोट तेवढा सिस्टरांच्या टेबलाच्या खणात ठेवा.