पेरलेल्या बियाण्याचे उंदरांपासून रक्षण

पेरणी झाली की शेतकऱ्याचे लक्ष आकाशाकडे लागते. परंतु बियाण्याचा एक शत्रू बांधातच दबा धरून असतो. भुईमूग, मका, हरभरा यांचे दाणे उंदीर वासाने हुडकतो व उकरून खातो. गेलेले बी पुन्हा आणता येते. गेलेला वाफसा परत येत नाही.

पेरणीपासून उगवणीपर्यंतचे दिवस अधिक धोक्याचे. या काळासाठी बियाण्यास उंदरांना नकोसे वाटणारे द्रव्य चोळतात. थायरम हे मूळचे बुरशीनाशक. परंतु ते लावलेला दाणा उंदीरही टाळतो. मिरचीने उंदराचे तोंड पोळते. पाखरांना मात्र तिचा तिखटपणा जाणवत नाही, त्यांच्यासाठी राखणच हवी. असे द्रव्य उंदीर मारीत नाही. पावसाने ते धुपते आणि भुकेला उंदीर त्यास जुमानत नाही. यास्तव बांध स्वच्छ ठेवावेत. सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेली दिसतील ती वस्तीची समजावीत.

प्रयोग : शाळेच्या बागेत एका ओळीत भुईमुगाचे साधे ५० दाणे व दुसरीत शिक्षकांनी मिरचीपूड चोळलेले ५० दाणे पेरावेत. दहाव्या दिवशी रोपे मोजून संख्या दुप्पट करावी, म्हणजे शेकडा प्रमाण मिळते. मिरचीमुळे उगवणच घटते काय, हे दोन्ही प्रकारचे दाणे ओल्या फडक्यात ठेवून पडताळावे.

थायरम मुलांच्या हाती देऊ नये. औषध लावलेले बी उरले तरी ते दळू नये, गुरांना घालू नये, हे मुलांनी घरी अवश्य सांगावे.