शेवटची आठ पानं

सांगोला,
आषाढ शुद्ध सप्तमी

चि. छकुलीस,


तुझा फोन आला तेव्हा मी बागेत होतो. पंढरपूरकडे निघालेली एक दिंडी रस्त्यानं चालली होती, टाळांच्या आवाजात तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. एवढं मात्र कळलं, की परीक्षा संपली, लागोपाठ तीन रहस्यकादंबऱ्या वाचल्यास, तिन्ही फसल्या, आणि आता मामानं चांगलं काहीतरी सांगावं. पुस्तक कसं निवडावं हे फोनवर सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं पहिलं फसलेलं पुस्तक सांगतो. नववीत असेन. स्टँडजवळच्या एका दुकानात कादंबऱ्या भाड्यानं मिळायच्या, दिवसाला दहा पैसे. एकदा आणलेल्या पुस्तकाची शेवटची आठ पानं कुणीतरी फाडून नेलेली होती. वाड्यात सावकाराचा खून झालेला, दार आतून बंद, आणि खुनी कोण ते त्या आठ पानांत. मी गणिताच्या वहीच्या मागं सगळ्यांची नावं लिहिली: मुनीम, सून, वैद्य, गडी. कोण कुठं होता, कुणाच्या हातात कंदील होता, कुणाच्या चपला ओल्या होत्या. तीन रात्री हेच चाललं होतं. आई म्हणाली, पोराला अभ्यासाचं वेड लागलं. शेवटी मी मुनीम धरला, आणि का धरला याची पाच कारणं लिहून काढली.

पुढं वारीत, पंढरपूरला रस्त्यावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांत त्याच कादंबरीची धड प्रत हाती लागली. उभ्या उभ्या शेवट वाचला. खुनी निघाला सावकाराचा जुळा भाऊ! आफ्रिकेतून परत आलेला, आणि दीडशे पानांत ज्याचं एकदाही नाव नाही असा. मला रडू आलं पोरी. माझं उत्तर चुकलं म्हणून नव्हे. ते उत्तर काढायला लेखकानं मला काही दिलंच नव्हतं, म्हणून.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्यातला पहिलाच नियम असा, की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा. आणि जुळे भाऊ आणायचे तर वाचकाला आधी त्याची तयारी करून द्यावी, हाही त्या दहांतलाच. नववीतल्या पोराची तक्रार त्या पाद्र्यानं माझ्या जन्माआधीच लिहून ठेवली होती.

खुणा धरून उत्तरापर्यंत जाण्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: माग. माझे आजोबा सांगत, वस्तीवरचा खिलार बैल चोरीला गेला की पहाटे आधी कुणाला गोठ्याकडे फिरकू देत नसत. पहिलं नीट उमटलेलं पाऊल सापडलं की त्यावर टोपली पालथी घालायची. मग गावाची राखण करणारा रामोशी यायचा, उकिडवा बसायचा, टाच किती रुतली, अंगठा कुठं वळला ते बघायचा आणि चालायला लागायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की पुढं चोर काढून देणं त्या गावावर यायचं. मधेच माग तोडून 'चोर अमका' म्हटलेलं चालत नसे, शिवेपर्यंत पावलं दाखवावी लागत. पुस्तकालाही मी तोच हिशेब लावतो. शेवट कळल्यावर मागं जाऊन बघ. पाऊल चाळिसाव्या पानावर उमटलेलं होतं आणि आपण त्यावरून चालत गेलो, असं दिसलं तर तो लेखक जपून ठेव, त्याचं दुसरं पुस्तक शोध. मागं काहीच सापडलं नाही, तर मुखपृष्ठ कितीही झकपक असो, त्याच्या वाटेला पुन्हा जाऊ नकोस.

वस्तीवर चोरी झाली की आजही पहिला प्रश्न हाच: कुत्रं भुंकलं का? कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सच्या एका कथेत शर्यतीचा एक घोडा तबेल्यातून नाहीसा होतो. 'सिल्व्हर ब्लेझ' नाव तिचं, १८९२ सालची. ती आधी वाच, आणि कुत्र्यावर लक्ष ठेव. याहून जास्त सांगत नाही. होम्स मराठीत भालबा केळकरांनी आणला आहे, मी आधी तोच वाचला आणि इंग्रजी पुष्कळ नंतर.

एक घोळ आधीच मिटवून घे. रहस्य आणि थरार आपण एकाच पिशवीत घालतो, आणि तुझी निम्मी निराशा त्यातूनच आली असावी. रहस्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, ते कसं झालं हे आपण उकरून काढतो. थरारात ते अजून व्हायचं असतं, आणि ते होऊ नये म्हणून आपण श्वास धरून बसतो. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ ची. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला भाडोत्री मारेकरी निघालाय. द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले, कुणाच्या गोळीनं नाही, हे जगाला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक होतं. तरी ते खाली ठेववत नाही. खोटा पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कशी बनवून घेतली, हे फोर्साइथ इतकं बारकाईनं सांगतो की 'होईल का' पेक्षा 'कसं' यातच आपण गुंततो. असलं पुस्तक 'खुनी कोण' म्हणून वाचायला घेतलंस तर फसणारच. जपानच्या केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' तर सुरुवातीलाच खून दाखवते, करणाऱ्यासकट. पुढं एक गणिताचा मास्तर तो खून लपवायला उभा राहतो. तुला गणिताची गोडी आहे, तेव्हा हे पुस्तक तुझंच.

मराठीचं म्हणशील तर नाक मुरडू नकोस. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड यांच्या गोष्टी वाचायच्या म्हणून कितीतरी घरांत पहिल्यांदा पुस्तक आलं. आज वाचशील तर माग कच्चा वाटेल, योगायोग फार. पण वेग बघ, पहिल्या ओळीपासून माणूस चालायला लागतो. सुहास शिरवळकर 'दुनियादारी'मुळे तुझ्या पिढीला माहीत आहेत, पण त्याआधीपासून फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, दारा बुलंद हे त्यांचे गडी आम्ही पाठ केले होते. त्यांचे संवाद मला अजून आवडतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तू लहानपणी वाचलास, त्याला पोरांचं पुस्तक म्हणून बाजूला टाकू नकोस. फुरसुंगीचं ते किरकोळ पोर आधी नीट बघतं, मग धावतं. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला आहे, कंटाळवाण्या दुपारी त्याच्यासारखी सोबत नाही.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याकडे मात्र 'खुनी कोण' विचारत जाऊ नकोस. तिथं भीतीचं काम आहे, आणि उत्तर मिळालं तरी ती जात नाही. थ्री-फेज वीज रात्रीची असायची तेव्हा डाळिंबाला पाणी द्यायला मी एकटा विहिरीवर असे. एकदा कंदिलाच्या उजेडात धारप काढले. पाट फुटून पाणी शेजारच्या रानात गेलं तरी उठून बघायचं धाडस झालं नाही.

आता मनापासून एक सांगतो, हे विसरू नकोस. ज्या पुस्तकात माणसाच्या जातीवरून, कपड्यांवरून, भटकेपणावरून संशय पक्का होतो, ते मिटून ठेव. आपल्या जिल्ह्याला हे फार जवळचं आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागायची. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा गेला. गावाची राखण करणारे, माग काढणारे रामोशी आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत, तो शिक्का त्यांच्याही वाट्याला आला होता. जुन्या कादंबऱ्यांत 'फासेपारध्यासारखा दिसणारा' असलं वर्णन आलं की लेखकानं माग काढायचा कंटाळा केला, असं समज. मी त्या पोरवयात असली पुस्तकं बेधडक वाचली, आणि शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राला ती वाचताना काय वाटत असेल हे मनात आलं नाही. ते मला अजून टोचतं.

दुकानात किंवा ग्रंथालयात गेलीस की मागचं पान उघडू नकोस, मलपृष्ठही वाचू नकोस, तिथंच पुष्कळदा सगळं सांगून टाकलेलं असतं. मधलं एखादं साधं पान काढ, जिथं काहीच घडत नाहीये, कुणी चहा पितंय, कुणी दार लावतंय. ते पान वाचावंसं वाटलं तर पुस्तक घे.

उद्याच्या पुणे गाडीनं खोकं पाठवतोय. वर डाळिंबं आहेत, ती मैत्रिणींना वाट. खाली चार पुस्तकं आहेत: होम्स, फेलूदा, जॅकल आणि ॲगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. ही शेवटची १९२६ ची, आणि तिचा शेवट वाचकाशी सचोटीचा की दगा, यावर लोक अजून भांडतात. तिच्याबद्दल कुणाला विचारू नकोस, मोबाइलवर शोधू नकोस. तिची शेवटची आठ पानं मी गोधडीच्या दोऱ्यानं शिवून टाकली आहेत. आधी वहीच्या मागं नावं लिही, कोण कुठं होतं ते मांड, मग खुनी कोण ते कारणांसकट पोस्टकार्डावर मला लिहून पाठव. माझं उत्तर आलं की दोरा काप.

तुझा,
मामा