समास कापू देऊ नका : जुन्या हिब्रू ग्रंथावर खर्च किती, कशावर

रायगडातल्या एखाद्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरातली जुनी ट्रंक उघडली, की कधी तळाशी कापडात गुंडाळलेला हिब्रू प्रार्थनाग्रंथ निघतो. पानं पिवळी, शिवण उसवलेली आणि समासात पणजोबांच्या हातच्या ओळी. मग घरात दोन प्रश्न निघतात : विकला तर किती येतील आणि जपला तर किती जातील? माझं मत आधीच सांगते. पहिला रुपया त्या ओळी वाचून घेण्यावर घाला. बाइंडरकडे सगळ्यात शेवटी जा.

वय फुकटात कळतं. शीर्षकाच्या पानावर साल हिब्रू अक्षरांत असतं आणि प्रत्येक अक्षराला अंक ठरलेला असतो. ताव ४००, रेश २००, वाव ६, झाले ६०६. हजाराचा आकडा बहुधा गाळतात, म्हणून त्यात १२४० मिळवायचे : १८४६. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडतो. कधी साल एखाद्या वचनातल्या मोठ्या अक्षरांत दडवलेलं असतं. १८४६ मुद्दामच घेतलं. त्या साली मुंबईत पेसाह सणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८७४च्या पुण्याच्या हगादेत तर साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. असं काही हाती लागलं तर आधी कागद तपासा, कारण प्रतिकृतीही निघाल्या आहेत.

विक्रीच्या मोठ्या आकड्यांनी हुरळू नका. मुंबईत जन्मलेल्या डेव्हिड सॉलोमन ससून यांच्या संग्रहातलं, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं हिब्रू बायबल २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेलं. पण ते जवळजवळ अख्खं हस्तलिखित होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिल्ना किंवा व्हिएन्नाला छापलेले प्रार्थनाग्रंथ आजही भरपूर मिळतात. नुसत्या वयाला तिथे भाव नाही. समासातलं अक्षर अकिवा एगर यांच्यासारख्या नामांकित रब्बीचं ठरलं, तर मात्र त्याच छापील पुस्तकाची किंमत कितीतरी पटींनी चढते. घरगुती नोंदींना लिलावात एवढं मोल नाही. पण जन्म, सुंता, लग्न, मृत्यू यांच्या त्या तारखा दुसरीकडे कुठेच लिहिलेल्या नसतील, तर इस्रायलमध्ये गेलेल्या भावकीला वंशावळ जुळवायला तेवढाच आधार असतो. मला तेच धन मोठं वाटतं.

आता खर्च. नोंदी देवनागरीत असतील तर घरीच वाचता येतील. मोडीत असतील तर मोडी जाणकार लागेल. धावत्या हिब्रूला आणखी वेगळा. बगदादी ज्यू घराण्याचा ग्रंथ असेल, तर लिपी हिब्रू आणि भाषा अरबी निघू शकते. दर ठरवताना नोंदी असलेलीच पानं मोजा. समजा ग्रंथ ४०० पानांचा, नोंदी ३५ पानांवर आणि दर पानाला १५० रुपये : ५,२५० रुपयांत काम होतं. सगळ्या पानांचा सौदा केलात तर ६० हजार.

त्याआधी खिडकीच्या उजेडात मोबाइलवर पान न् पान टिपा, शिवणीकडची कडाही. याला खर्च नाही. संस्थेकडून स्कॅन करून घ्यायचं तर पानाला २० रुपये दराने ८,००० होतील. पुस्तक सपाट दाबणारं यंत्र मात्र नको. वरून छायाचित्र घेणाराच शोधा. आम्लविरहित कागदाच्या पेटीला दोन हजार धरा. म्हणजे सव्वापंधरा हजारांत मुख्य काम उरकतं. हे दर हिशेबापुरते आहेत. कोटेशन लेखी घ्या.

बाइंडरची भीती मला खरीच वाटते. नवी बांधणी करताना कडा सारख्या करायला तो यंत्राखाली पानं घालतो आणि समासातल्या ओळींची टोकं कचऱ्यात जातात. ती परत कोण आणणार? सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यांनाही हात लावू देऊ नका. जुनी शाई पाण्याने पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं नाही. कोकणातल्या पावसाळ्यात लोखंडी कपाटापेक्षा हवा खेळणारी कोरडी फळी बरी. दुरुस्ती लागलीच तर कागद-संवर्धकाकडून फक्त फाटलेल्या पानांची करून घ्या आणि कडा कापणार नाही हे कोटेशनवरच लिहून घ्या.

ग्रंथ नातेवाइकाच्या बॅगेतून इस्रायलमधल्या लोदला किंवा अश्दोदला पाठवायचा विचार असेल, तर थांबा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांची वस्तू येते. हस्तलिखित किंवा दस्तऐवजाला पंचाहत्तर वर्षंही पुरतात. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हा नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वस्तू पुरावस्तू नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला मिळाला तरच ती न्या. भावकीला छायाचित्रं पाठवायला कुणाची हरकत नाही.

ग्रंथ वाचण्यापलीकडे जीर्ण झाला असेल तर रद्दीत नको. परमेश्वराचं नाव असलेली पानं ज्यू रिवाजाने पुरतात. जवळच्या सिनेगॉगमध्ये विचारा. पण सुपूर्द करण्यापूर्वी समासातल्या नोंदी टिपून घेतल्यात ना, हे एकदा पाहा.