उसना कोड आणि त्याचं सर्टिफिकेट

सीनियरचा कोड होस्टेलच्या रूमरूममधून कसा फिरतो, हे सरांनाही ठाऊक आहे. इंडस्ट्रीतही कोड पुन्हा वापरतातच. दरवेळी पहिल्यापासून लिहायला ना वेळ असतो ना पैसा. प्रश्न एवढाच, की एकीकडे पास झालेला कोड दुसरीकडेही पास धरायचा का?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. रॉकेटची स्थिती आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून घेतलेलं, तिथे ते उत्तम चाललेलं. पण एरियन ५ चा आडवा वेग फार लवकर वाढतो. त्याच्याशी निगडित ६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट आकडा १६ बिटांच्या इंटिजरमध्ये मावला नाही. राखीव संच आधी बंद पडला, लगेच मुख्यही. दोघांत कोड एकच! सुमारे ४० सेकंदांत खेळ खलास. आणि कहर म्हणजे, कोडचा तो भाग उड्डाणानंतर एरियन ५ ला लागतच नव्हता.

प्रोग्रामर आळशी होते म्हणावं, तर तसंही नाही. अशा सात व्हेरिएबल्सपैकी चारांना ओव्हरफ्लोपासून संरक्षण दिलेलं होतं. प्रोसेसरवर ताण नको म्हणून तीन सोडले, आणि एरियन ४ च्या मार्गाचा विचार करता ते बरोबरच होतं. चुकलं ते हे, की ही अट नव्या रॉकेटला लागू आहे का, हे कुणी तपासलं नाही.

म्हणून आजची स्टँडर्ड्स कोडइतकीच त्यामागची गृहीतकं मागतात. मोटारींसाठीच्या आयएसओ २६२६२ मध्ये (२०११) गाडी ठरलेली नसतानाही सॉफ्टवेअरचा भाग बनवता येतो. मात्र बनवणाऱ्याने काय धरून चाललो ते लिहून द्यायचं, आणि ते आपल्या गाडीत खरं आहे का, हे वापरणाऱ्याने पडताळायचं. विमानांचं तर आणखी कडक. तिथे नुसत्या सॉफ्टवेअरला मान्यता नसतेच, ती मिळते विमानाला किंवा इंजिनाला. अमेरिकेच्या एफएएने २००४ मध्ये एसी २०-१४८ हे परिपत्रक काढून जुने पुरावे पुन्हा वापरायची सोय केली खरी. पण कुठलं काम झालं आणि कुठलं वापरणाऱ्याने अजून करायचं, हे कागदावर हवं.

तेव्हा एखादी आरटीओएस ‘सर्टिफाइड’ आहे असं कुणी सांगितलं, तर तिचं सेफ्टी मॅन्युअल मागा. कुठला प्रोसेसर, कुठला कंपायलर, कुठली व्हर्जन, सगळं त्यात असतं. कंपायलर बदललात, तर ते सर्टिफिकेट तुमच्या बोर्डाचं राहिलं नाही.